बोडक्या शेळीला सांगितलेलं

फायरवॉल म्हणजे काय, हे मी अकरा वर्षं शिकवत होते. संगणकांच्या जाळ्याचं बाहेरच्या धोक्यांपासून संरक्षण करणारी व्यवस्था म्हणजे फायरवॉल. ही व्याख्या मी फळ्यावर लिहायची, पोरांनी वहीत उतरवायची, परीक्षेत ती दोन गुणांना यायची आणि पोरं बिनचूक लिहायची. मी स्वतः फायरवॉल कधी बघितली नव्हती. एखाद्या कार्ट्यानं "बाई, ती दिसते कशी?" असं विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती. पण आपल्याकडे व्याख्या पाठ झाली की वस्तू बघायची कुणाला गरज वाटत नाही, आणि त्या आधारावर माझी नोकरी निवांत चालली होती.

मी ताडकळसच्या एका शाळेत संगणक शिकवते आणि तिथून बसनं अर्ध्या तासावरच्या गावात राहते. घरात चौघंजण. सासू, सासरे, मी आणि नवरा, जो सकाळीच मोटारसायकल काढून परभणीला कामावर जातो. आमच्याकडे सुना सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्याला मामा, तेव्हा इथून पुढं मीही तेच म्हणते. घराला लागून गोठा आहे आणि गोठ्यात सात शेळ्या. शेती मामांची, शेळ्या आत्याबाईंच्या. शेळ्यांतलं काही विचारायचं असेल तर मामासुद्धा आवाज खाली घेऊन विचारतात.

पलीकडच्या गावातून शेळ्या चोरीला गेल्या तेव्हा नवऱ्यानं गोठ्यात कॅमेरा बसवला. आत्याबाई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत उभ्या राहिल्या.

"ह्याला काय दिसतंय?"

"शेळ्या."

"मंग ऱ्हाऊ द्या."

कॅमेऱ्याला कानही आहेत, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं मी म्हणते. पहिल्या दिवशी खरंच राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मोबाईलवर कॅमेऱ्याचं ॲप उघडलं आणि मग सांगायची माझी इच्छाच मेली.

शेळ्या जागेवर होत्या. आत्याबाई खाली बसून बोडक्या शेळीपुढं, म्हणजे जिला शिंगं नाहीत तिच्यापुढं, पाला टाकत होत्या आणि बोलत होत्या. "आज भाजीत मीठच न्हाई बग. मास्तरीन हाय ना. सगळं ध्यान घड्याळात." मी घास तोंडात तसाच धरून बसले. भाजीत मीठ खरंच नव्हतं. माझ्या डब्यात तीच भाजी होती.

घरात आत्याबाई फारशा बोलत नाहीत. हो, नाही, ठेव, घे, एवढ्यावर त्यांचा दिवस निघतो. चाळीस वर्षांच्या संसारात मामांसमोर त्यांनी कधी तक्रार केल्याचं कुणाला आठवत नाही. ती सगळी गोठ्यात साठवलेली होती. दुपारी मामा आडवे झाले की त्या शेळ्यांत जाऊन बसायच्या आणि अर्धा-पाऊण तास मन मोकळं करायच्या. मामांचं घोरणं, शेजारच्या चुलत सासूबाईंचा तोरा, पिंगळीला दिलेल्या लेकीचा आळस आणि मी. माझा नंबर रोज लागायचा. चुलत सासूबाईंचा आठवड्यातून तीनदा लागायचा, त्यामुळं मला जरा मान मिळाल्यासारखंही वाटायचं. मी शिक्षकांच्या खोलीत इअरफोन लावून ऐकत बसे. मराठीच्या बाईंनी एकदा विचारलं, काय ऐकता हो रोज? मी म्हटलं, प्रवचन.

हे बरोबर नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण गोडी लागली होती.

मग आमच्याकडचं इंटरनेट बदललं. कंपनीचा माणूस नवा राउटर घेऊन आला आणि मामांना सांगू लागला की काका, जगातले जुने पत्ते संपत आलेत, आता नवी पद्धत आलीय, तुमच्या घरातल्या एकेका वस्तूला आपापला वेगळा पत्ता मिळणार. मामांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे पहिल्यानं सातबारा एकच होता, आता वाटण्या झाल्या म्हना." तो माणूस म्हणाला, "तसंच समजा." एवढं नेमकं मला अकरा वर्षांत फळ्यावर मांडता आलं नव्हतं.

जुन्या पद्धतीत सगळ्या घराला मिळून बाहेर एकच पत्ता असतो. न बोलावता बाहेरून कुणी आलं तर त्याला घरातल्या कुणाकडं धाडायचं, हे राउटरला समजत नाही, म्हणून तो त्याला वाटेला लावतो. त्याचा हेतू राखणीचा नसतो, पण राखण होते. (माझ्या ॲपचं वेगळं; कॅमेरा आतून स्वतःच कंपनीला चित्र पाठवतो आणि ॲप नाव-पासवर्ड देऊन ते तिथून घेतं.) नव्या पद्धतीत फोनचा पत्ता वेगळा, टीव्हीचा वेगळा, कॅमेऱ्याचा वेगळा, आणि कुठूनही त्या वस्तूशी सरळ बोलता येतं. म्हणून राउटरवर राखणदार जागा असावा लागतो. फायरवॉल म्हणतात ती हीच. ती राउटरमध्ये असतेच, फक्त चालू ठेवायची.

आमच्या घरी ती मामांनी बंद करायला लावली. मी शाळेत होते. पिंगळीच्या नणंदेला तिच्या फोनवर माहेरच्या शेळ्या बघायच्या होत्या, पण ते ॲप टाका, नाव नोंदवा, पासवर्ड द्या, हे तिला झेपत नव्हतं. मामांनी त्या माणसाला गळ घातली. त्यानं बटनं दाबून बघितली आणि म्हणाला, "काका, फायरवॉल अडवायलीय. काढून टाकू का? काढली म्हंजे लिंक दाबली की दिसंल, कुठून बी."

"काढ की. आन् ते पासवर्डाचं बी काढ. घरच्या मानसाला कुनी पासवर्ड मागतंय का?"

यात मामांचंही फार चुकलं असं म्हणवत नाही. आमच्या गावात दिवसा दार लावलेलं घर म्हणजे एकतर माणसं परगावी गेलेली, नाहीतर आत भांडण चाललेलं. आल्यागेल्याला दाराशी नाव विचारणं हा अपमान. मामांनी गावाचीच रीत राउटरला शिकवली. वर त्या माणसानं पत्ता बदलला तरी लिंक तीच राहील अशी तजवीज करून दिली, आणि मामांनी अभिमानानं ती भावकीच्या ग्रुपवर टाकली. 'आपल्या शेळ्या. सर्वांनी बघाव्यात.' त्या ग्रुपमध्ये पुरुष आहेत, लेकी आहेत. सुना नाहीत. त्यामुळं मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

पहिलं आलं ते पातेलं. चुलत सासूबाईंनी दोन वर्षांपूर्वी एका बारशाला नेलेलं आमचं मोठं पितळी पातेलं एका सकाळी ओसरीवर आदळलं. चिंचेनं घासून लख्ख केलेलं. चुलत सासूबाई तशाच पाठमोऱ्या झाल्या. आत्याबाई पातेल्यात डोकावून बघत राहिल्या. आदल्या दुपारीच त्यांनी बोडकीला सांगितलं होतं, की त्या बाईला पातेलं नेताना हात असतात, आणताना गळून पडतात.

मग नणंद आली. एरवी ती माहेरी आली की पलंगावर बसून फोन बघते आणि चहाचा कपसुद्धा तिथंच ठेवते. या वेळी तिनं आल्या आल्या झाडू घेतला. घर झाडलं, भांडी घासली, माळ्यावरची जळमटं काढली. आत्याबाई घाबरल्या. "हिचं सासरी काय बिनसलं का गं?" असं त्यांनी मला हळूच विचारलं.

आणि मामांच्या मिशा. मामांच्या मिशा काळ्याभोर आहेत आणि त्या जन्मजात तशा आहेत असं मामांचं सगळ्या जगाला सांगणं आहे. त्या काळ्या कशा राहतात हे फक्त आत्याबाईंना माहीत होतं, कारण रंगाची वाटी त्याच धुतात. एके दिवशी वालूरहून आलेल्या एका पाहुण्यानं जेवता जेवता विचारलं, "काका, रंग कोनचा वापरता? आमचा लवकर उडायलाय." मामांना ठसका लागला. त्यांनी गावातल्या न्हाव्याला धरलं. बिचारा न्हावी शपथेवर सांगत होता की मला आत्ता तुमच्याकडूनच कळायलंय.

कुणी येऊन आत्याबाईंना जाब मात्र विचारला नाही. विचारणार कसा? तुम्ही मला नावं ठेवता, असं म्हणायचं तर मी चोरून ऐकते, हे आधी कबूल करावं लागतं. सगळ्या भावकीची बोलती अशी बंद झाली होती. माझीही.

मला कॅमेऱ्याचा संशय आला. मी नवऱ्याला खोदून विचारलं, तेव्हा त्यानं लिंकेचं सांगितलं आणि मला ती पाठवली. दुसऱ्या दिवशी मी शाळेतल्या संगणकावर ती उघडून बघितली. पान उघडेना. दुसऱ्या संगणकावर बघितलं, तिथंही उघडेना. चौदाच्या चौदा संगणक तपासले आणि संध्याकाळी घरी येऊन शिक्षिकेच्या थाटात जाहीर केलं, की ती लिंक कधीच मेलेली आहे, आपलं घर एकदम सुरक्षित आहे. नवऱ्यानं मान डोलावली. घरात संगणकाचं पदवीपत्र माझ्याकडंच आहे.

शाळेची लाइन जुन्या पद्धतीची होती. तिला नवे पत्ते गाठताच येत नव्हते. ज्या गावाला बस जात नाही ते गावच नाही, असं ठरवून मी मोकळी झाले होते. हे साधं तत्त्व मला माहीत होतं, नव्हतं असं नाही. पण ते आपल्या घराला लागू होईल असं वाटलं नव्हतं.

इकडं आत्याबाईंचा संशय माझ्यावर पक्का होत चालला होता. एका संध्याकाळी चहा देताना त्या म्हणाल्या, "घरातली गोष्ट बाहीर जायलीय."

"कोणती गोष्ट?" मी विचारलं, आणि माझा आवाज मलाच खोटा वाटला. मी नाही सांगितलं, असं छातीठोक म्हणायचं तर काय सांगितलं नाही ते मला माहीत असायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी झाकून ठेवलेला चहा बंद झाला. मी बसमधून उतरून यायचे, आपला आपण करून प्यायचे. मला फार लागलं ते. आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांचं गोठ्यातलं बोलणं कमी व्हायला लागलं. साऱ्या जन्मात या बाईला मोकळं बोलायला एक जागा मिळाली होती, आणि ती तिच्या हातातून जात होती.

मग एका दुपारी त्या पुन्हा बोलायला लागल्या. बोडकीला म्हणाल्या, पुतळ्यांची माळ मी लेकीला देनार न्हाई, शेजारनीच्या सुनंला देनार. मी चाट पडले. दुसऱ्या दिवशी त्या बांडीजवळ बसल्या, म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या शेळीजवळ. "समद्या शेळ्या विकून टाकते. पिंगळीला लेकीकडं जाऊन ऱ्हाते, कायमची. ह्या घरात आता मन लागंना." त्या दिवशी नववीला मी फायरवॉलची व्याख्या अर्धीच सांगितली. ताडकळसचा बाजार होता, तिथून गरम जिलेबी घेतली, घरी येऊन आत्याबाईंपुढं ठेवली आणि न सांगता त्यांचे पाय चेपायला बसले. त्या जिलेबी खात माझ्याकडं बघत होत्या.

दोन दिवसांत नणंदेचा फोन आला. आई, तू ये गं, पण आमच्या घराचं काम काढलंय, बसायला जागा नाही, आणि माळेचं काय ऐकायलेय मी? चुलत सासूबाई त्याच संध्याकाळी आल्या. गोड बोलत बोलत त्यांनी विचारलं, बोडकी विकणार असाल तर आधी आम्हाला सांगा हं.

रविवार होता. आत्याबाईंनी मला हाताला धरून गोठ्यात नेलं.

"बोडकीला सांगितलेलं बी बाहीर गेलं, बांडीला सांगितलेलं बी गेलं. दोन दोन शेळ्या फितूर कशा व्हतील? म्हून तिसरी गोष्ट मी बोडकीला मागं लिंबाखाली नेऊन सांगितली. ती कुठंच गेली न्हाई. म्हंजे जनावर इमानदार हाय, जागा बेमान हाय." मग त्यांनी वर बोट केलं. "गोठ्यात हाय आन् लिंबाखाली न्हाई, असं एवढंच हाय. ह्याला कान हायत का?"

"आहेत," मी म्हटलं.

ज्या बाईला सही करायलाही कष्ट पडतात, तिनं तीन परीक्षा घेऊन चोरवाट शोधली होती. मी चौदा संगणक तपासून ती नाही असं ठरवलं होतं. मी मोबाईलवरचं वायफाय बंद केलं आणि त्याच्या स्वतःच्या इंटरनेटवर ती लिंक दाबली. पासवर्ड नाही, काही नाही, सरळ आम्ही दोघी पडद्यावर. मागं बोडकी रवंथ करत होती. आत्याबाईंनी वर बघून पुन्हा तेच विचारलं, आणि थोड्या वेळानं फोनमधून आवाज आला, "ह्याला कान हायत का?"

आत्याबाई दचकल्या. "मी एवढी मोठ्यानं बोलते?"

मामांना हाक गेली. सगळं ऐकून मामांचा हात आधी मिशांवर गेला. "समद्या भावकीला कान लावून बसवलंय तुमी," आत्याबाई म्हणाल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही शेळ्यांसमोर.

"आता दार लावलं तर भावकी काय म्हनंल?" मामा पुटपुटले.

"म्हनू द्या. आपल्याकडं त्यांच्या गोठ्यातला क्यामेरा न्हाई."

मी राउटर उलटा करून त्याच्या बुडावरचा पासवर्ड वाचला, वायफाय परत लावून मोबाईलवर त्याचं पान उघडलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा फायरवॉल बघितली. एक बारका चौकोन होता. त्यात बरोबरची खूण करायची होती. केली. कॅमेऱ्याला पासवर्ड घातला. वायफाय काढून लिंक पुन्हा दाबली, गोल फिरत राहिली, उघडली नाही. मामा नाराज होऊन ओसरीवर गेले. ग्रुपवर तासाभरात दोघांनी विचारलं, शेळ्या दिसेनात, काय झालं? एवढं शेळ्यांचं प्रेम भावकीला कधीच नव्हतं.

आत्याबाई गोठ्यातच थांबल्या होत्या. "आता कुनालाच ऐकू जात न्हाई?"

"बाहेरच्या कुणालाच नाही."

"आन् घरातल्या?"

मी मोबाईल पालथा धरला.

"त्या दिशी जिलेबी कामून आनलीस? पाय कामून चेपलेस? मी पिंगळीला जानार, हे तुला कुनी सांगितलं व्हतं?"

परीक्षेत मीही सापडले होते. मग मी सांगून टाकलं. कॅमेरा लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ऐकते, रोज ऐकते, बाहेर कुणाला एक शब्द सांगितला नाही, पण ऐकते. त्या शांतपणे म्हणाल्या, "काय काय ऐकलंस?" मी सांगत गेले. भाजीतलं मीठ. भाकरीच्या जाड कडा. माझं मोबाईलमध्ये तोंड घालून चालणं. "ते खरंच हाय," प्रत्येकाला त्या म्हणत होत्या, जराही न लाजता.

तिथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला ते पोटात ठेवणं जमेना. "आणखी एक ऐकलंय," मी म्हटलं. "माझी आई गेली, मी तेरावं करून परत आले, त्याच्या दुसऱ्या दिवशीचं."

त्या दुपारी आत्याबाई बोडकीच्या गळ्यात हात टाकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, "पोरीची माय गेली बग. आता तिला माहेर न्हाई. जवळ घ्यावं वाटायलंय, पर सासू झाले तवापून हात उचलंना. माय कसं व्हायचं हे मला कुनी शिकवलं न्हाई." मी शाळेच्या मागं हौदाजवळ उभी राहून ते ऐकलं होतं आणि घंटा झाली तरी वर्गावर गेले नव्हते. त्यानंतर मी रोज ऐकायचे ती भाजीतल्या मिठासाठी नाही. तसं काही पुन्हा ऐकू येईल म्हणून ऐकायचे.

आत्याबाईंचा चेहरा लाल झाला. मी त्यांना इतकं संतापलेलं कधी बघितलं नव्हतं.

"शिव्या ऐकल्यास त्याचं मला काय न्हाई. हे कामून ऐकलंस?" त्या म्हणाल्या. "हे तुला सांगायचं असतं तर मी तुला सांगितलं नसतं का?"

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी पदरानं नाक पुसलं, बोडकीच्या पाठीवरचं कुसळ काढलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "कान बंद कर त्याचे."

ॲपमध्ये आवाज बंद करायचं बटन पहिल्या दिवसापासून होतं. मी ते दाबलं आणि तसं त्यांना सांगितलं.

"जा मंग. च्या टाक. दोघींचा टाक."

मी निघाले. मी गोठ्याबाहेर पडेपर्यंत त्या गप्प होत्या. मग मागून त्यांचा आवाज सुरू झाला, हळू, बोडकीशी. दाराच्या कडेला थांबले असते तर शब्द न् शब्द ऐकू आला असता. मी थांबले नाही.